सोलापूर की लातूर : उतारवयातील बिऱ्हाडाचा विचार

धाराशिव जिल्ह्यातील अनेक घरांत गेल्या चार-पाच वर्षांपासून एक नवा प्रश्न येऊन बसला आहे. मुलगा किंवा मुलगी पुण्या-बंगळुरूच्या कंपनीत नोकरीला असते. पण काम लॅपटॉपवरचे, म्हणून ते कोठूनही करता येते. करोनाच्या साथीत ही सोय प्रथम लक्षात आली आणि साथ ओसरल्यावरही काही जणांच्या वाट्याला ती राहिली. मग एखाद्या सुट्टीत लेक म्हणतो, ‘‘आई, बाबा, आता तुम्ही एकटे राहू नका. पुण्यातले भाडे परवडत नाही आणि गावात नेट टिकत नाही. सोलापूर किंवा लातूर, यांपैकी एक ठरवू या. तिथे सगळे एकत्र राहू.’’

हे ऐकून मन सुखावते. त्याच वेळी पोटात थोडे धस्सही होते. कारण बिऱ्हाड हलवायचे ते आपल्याला, आणि तेही सत्तरीच्या उंबरठ्यावर. आजच्या सदरात याच निवडीचा विचार आरोग्याच्या अंगाने करावयाचा आहे.

यादी कोणाची?

जगभर असे काम करणाऱ्यांची आता एक स्वतंत्र जमात झाली आहे. त्यांना ‘डिजिटल भटके’ म्हणतात. एस्टोनियासारख्या छोट्या देशाने २०२० साली त्यांच्यासाठी खास व्हिसा सुरू केला. थायलंडमधील चिआंग माई हे शहर तर त्यांचे माहेरघरच मानले जाते. दोन शहरांतून एक निवडताना ही मंडळी भाडे, इंटरनेटचा वेग, हवामान आणि विमानतळ यांचा ताळा मांडतात. पंचविशीतील एकट्या माणसासाठी ही यादी पुरेशी आहे. शहर पटले नाही तर तो दोन पिशव्या उचलून पुढे जातो.

आपला जिल्हाही भटकंतीला नवखा नाही. ऊसतोडीसाठी दिवाळीनंतर बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघणारी कुटुंबे आपण जन्मभर पाहिली आहेत. मात्र त्या कुटुंबांतील वृद्ध बहुधा गावीच राहतात, कारण स्थलांतराचा भार म्हाताऱ्या शरीराला पेलत नाही, हे त्या घरांना ठाऊक असते. लॅपटॉपवाल्या लेकराने केलेल्या यादीत ही जाणीव नेहमीच असते असे नाही. ती घालण्याचे काम आपले. म्हणून लेकराची यादी बाजूला न सारता तिच्याशेजारी आपली यादी ठेवावी आणि मगच शहराचे नाव घ्यावे.

तातडीची वेळ

आपल्या यादीतील पहिला प्रश्न असा : रात्री दोन वाजता छातीत कळ आली तर योग्य रुग्णालयात पोहोचायला किती मिनिटे लागतील? हृदयविकाराच्या झटक्यात बंद झालेली रक्तवाहिनी जितक्या लवकर उघडेल तितका हृदयाचा स्नायू वाचतो. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि ते देण्यापूर्वी मेंदूचा सीटी स्कॅन व्हावा लागतो. तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे दिसताच घड्याळ सुरू होते. गावातून वाहन मिळवून निघेपर्यंतच यातला मोठा वेळ जातो.

या बाबतीत दोन्ही शहरांची बाजू भक्कम आहे. सोलापुरात १९६३ साली स्थापन झालेले डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व त्याला जोडलेले मोठे सर्वोपचार रुग्णालय आहे. सहकारी तत्त्वावरील अश्विनी रुग्णालयही जिल्ह्याबाहेरच्या रुग्णांना परिचयाचे आहे. लातुरात विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. तेथीलच विवेकानंद रुग्णालयाचे काम १९६६ पासून चालू आहे. त्याच्या उभारणीत ज्यांचे आयुष्य गेले त्या डॉ. अशोक कुकडे यांना २०१९ साली पद्मभूषण मिळाले. कर्करोगाचे उपचार चालू असतील तर बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय विसरू नये. परांडा आणि भूम तालुक्यांना ते जवळचे आहे, आणि बार्शी सोलापूर जिल्ह्यात येते.

परंतु शहरात मोठे रुग्णालय असणे आणि ते आपल्या घराजवळ असणे यांत अंतर आहे. शहराच्या टोकाला, नव्या वसाहतीत भाडे कमी असते. तेथे रात्री रिक्षा मिळेलच असे नाही. घर पाहायला जाल तेव्हा दिवसा एकदा आणि रात्री एकदा रुग्णालयापर्यंतचा रस्ता प्रत्यक्ष पार करून वेळ मोजा. त्या रुग्णालयात चोवीस तास सीटी स्कॅन व अँजिओप्लास्टीची सोय आहे का, हे तेथेच विचारा. डायलिसिस चालू असेल तर आठवड्यातून दोन-तीनदा जाणे-येणे घडते. अशा घराने डायलिसिस केंद्र आधी ठरवावे आणि त्याच्या जवळपास घर शोधावे.

ऊन आणि पाणी

सोलापूरचा उन्हाळा कडक. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर सहज जातो आणि बराच काळ तेथेच राहतो. लातूर बालाघाटाच्या पठारावर, सोलापूरपेक्षा उंचावर आहे. दुपार तेथेही तापते, पण रात्र सहसा थोडी उतरते. वय वाढले की तहानेची जाणीव मंदावते, घामाचे नियमन बिघडते. आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर शरीरातील पाणी व क्षार लवकर कमी होतात. अशा वेळी वृद्ध माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागतो, उठताना तोल जातो. घरच्यांना मात्र वाटते की वयामुळे असे होते आहे. हृदय किंवा मूत्रपिंड दुबळे असेल तर नुसते ‘भरपूर पाणी प्या’ असे सांगूनही भागत नाही. उन्हाळ्यात पाण्याचे प्रमाण आणि गोळ्यांची मात्रा डॉक्टरांना विचारूनच ठरवावी. भाड्याचे घर पाहताना वरचा मजला, पश्चिमेची भिंत आणि पत्र्याचे छत टाळावे. शंभर-दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील.

पाण्याच्या बाबतीत कोणत्याच शहराने फार मान उंचावू नये. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, हे आपण विसरलेलो नाही. मांजरा धरण कोरडे पडले होते. सोलापूरची तहान उजनीवर भागते. पण धरणात पाणी असूनही नळ काही दिवसांच्या अंतराने येतो, ही तेथील रहिवाशांची जुनी तक्रार आहे. दोन्ही शहरांत नळाला रोज पाणी येईल असे गृहीत धरू नये. आरोग्याच्या दृष्टीने याचे दोन परिणाम होतात. साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. म्हणून पिंप झाकलेले हवे आणि आठवड्यातून एकदा घासून कोरडे करायला हवे. दुसरे म्हणजे पाणी येण्याच्या वेळी होणारी धावपळ. ओल्या फरशीवर बादली उचलताना पाय घसरून खुब्याचे हाड मोडले, अशी उदाहरणे आपल्या परिचयातही असतील. जमिनीखाली टाकी, गच्चीवर टाकी आणि बटणावर चालणारी मोटार असलेले घरच उतारवयात स्वस्त ठरते.

घरी असणे आणि मोकळे असणे

लेकरू घरून काम करते म्हणजे दिवसभर आपल्या हाताशी आहे, असा आपला समज होतो. तो वेळीच दुरुस्त केलेला बरा. ते घरात असले तरी ऑफिसातच असते. बैठक चालू असताना दार उघडून ‘औषधाची चिठ्ठी कुठे ठेवलीस?’ असे विचारता येत नाही. अमेरिकेतील कंपनीचे काम असेल तर संध्याकाळी सुरू झालेला दिवस रात्री दोन-तीनला संपतो. अशा माणसाला सकाळी सहाला उठवून रक्त तपासायला न्या म्हणणे त्याच्याही तब्येतीला जड जाते. रात्रपाळीने झोप मोडते. झोप मोडली की रक्तदाब, साखर आणि स्वभाव तिन्ही बिघडतात. काळजी घेणाऱ्याचीच काळजी घेण्याची वेळ येते.

याचा भार बहुधा सुनेवर पडतो, आणि तीही घरूनच नोकरी करत असेल तर दुपटीने पडतो. म्हणून शहर ठरवण्यापूर्वी घरातील सर्वांनी बसून कामाची वाटणी बोलून घ्यावी. सकाळी मदतनीस कोण येणार? दुपारचे जेवण कोण वाढणार? दवाखान्याचा वार कोणता? आपण ज्येष्ठांनीही काही कामे स्वतःकडे ठेवावीत. औषधांचा डबा स्वतः भरणे, भाजी निवडणे, नातवाला शाळेच्या गाडीपर्यंत सोडणे ही कामे शरीराला व्यायाम देतात आणि मनाला आधार देतात. कामाच्या खोलीला दार असलेले, तळमजल्यावरचे किंवा लिफ्ट असलेले घर घेतले तर दोन्ही पिढ्यांना श्वास घेता येतो. लातुरात शिकवणी वर्गांच्या परिसरात घर पाहत असाल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. ‘लातूर पॅटर्न’च्या कीर्तीमुळे राज्यभरातून विद्यार्थी येतात, त्यामुळे नवे वर्ग भरण्याच्या सुमारास तेथे घरांना मागणी वाढते. त्याआधी दोन-तीन महिने शोध घ्यावा.

ओळखीची माणसे

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा औसा आणि उमरगा तालुक्यांतील गावेच्या गावे कोसळली. किल्लारी, सास्तूर ही नावे आजही अंगावर काटा आणतात. त्यानंतर कित्येक गावे नव्या जागी वसली. नवे घर पक्के होते. पण ओट्यावर बसल्या बसल्या दिसणारी शेजारीण दुसऱ्या गल्लीत गेली, जुने देऊळ मागे राहिले, आणि वृद्धांना दीर्घकाळ चुकल्यासारखे होत राहिले. या जिल्ह्यातील अनेक वाचकांनी हे स्वतः सोसले आहे. त्यामुळे बिऱ्हाड हलवताना माणसाचे काय काय हलते, हे कोणी आपल्याला शिकवावे असे नाही.

वैद्यकशास्त्रही हेच सांगते. एकाकीपणाने नैराश्य वाढते, भूक मंदावते, औषधे चुकतात. स्मृतिभ्रंशाची सुरुवात असलेल्या व्यक्तीला तर नव्या घरात रात्री संडासाची वाट सापडत नाही आणि गोंधळ उडतो. अशा व्यक्तीसाठी जुनी बाज, जुने घड्याळ आणि देवघर नव्या घरात शक्य तितके पूर्वीसारखेच मांडावे. रात्रभर मंद दिवा ठेवावा. पहिले पंधरा दिवस घरातील एकाने त्याच खोलीत झोपावे.

शहर निवडताना तेथे आपले कोण आहे, हे उघडपणे मोजावे. बहीण, मेहुणे, जुने सहकारी, भजनी मंडळातील ओळखी, सगळे मोजावे. लातूर लहान आहे. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या थोडी वर होती. गंजगोलाईच्या बाजारात ओळखीचा चेहरा भेटण्याची शक्यता तेथे अधिक, आणि सकाळी नाना-नानी पार्कमध्ये समवयस्क भेटतात. सोलापूर त्याच गणनेत साडेनऊ लाखांचे होते. तेथे मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूही कानावर पडते. सीमेलगतच्या उमरगा भागातून गेलेल्या माणसाला हे परके वाटत नाही. सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी सकाळचे फिरणे आणि दर्शन एकाच फेरीत होते. मात्र मोठ्या शहरातील वाहनांची गर्दी ओलांडताना ज्यांच्या पायात बळ नाही, त्यांनी घराच्या बाजूलाच दुकान, औषधालय आणि देऊळ आहे ना, हे पाहावे.

लेकरू परत गेले तर?

आता सर्वांत अवघड प्रश्न, जो प्रेमापोटी सहसा कोणी विचारत नाही. गेल्या काही वर्षांत अनेक कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना पुन्हा कार्यालयात बोलावले आहे. घरून काम करण्याची मुभा ही कंपनीची मर्जी असते आणि ती एका ईमेलने संपू शकते. लेकराची बदली झाली, नोकरी सुटली किंवा परदेशाची संधी आली, तर भाड्याच्या त्या घरात आपण दोघे उरू. तेव्हा निवडीची खरी कसोटी अशी : लेकरू नसतानाही आपण या शहरात नीट राहू शकू का? उत्तर होकारार्थी असेल तर शहर योग्य. उत्तर नकारार्थी असेल तर इंटरनेट कितीही वेगवान असो आणि भाडे कितीही कमी असो, ते आपल्यासाठी महागच आहे.

लेकराचे येणे-जाणेही यातच पाहावे. सोलापूर मुंबई-चेन्नई लोहमार्गावर आहे. फेब्रुवारी २०२३ पासून तेथून मुंबईला वंदे भारत धावते आणि पुण्याला दिवसातून अनेक गाड्या आहेत. पुण्यातील कार्यालयात महिन्यातून चार दिवस हजर राहणाऱ्याला सोलापूर सोपे पडते. लातूरहून मुंबईला रात्रीची गाडी आहे आणि ती धाराशिववरून जाते; पण गाड्यांची संख्या सोलापूरइतकी नाही.

तर मग कोणते शहर?

आपण तुळजापूर किंवा धाराशिव तालुक्यातील असाल, हृदयाचा किंवा मेंदूचा मोठा आजार पूर्वी होऊन गेला असेल आणि लेकराला वारंवार पुण्याला जावे लागत असेल, तर सोलापूर सोयीचे. तुळजापूरपासून ते पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास आहे, त्यामुळे गावाशी नाते तुटत नाही. मात्र उन्हाची तयारी आधी करावी.

आपण कळंब, लोहारा किंवा उमरगा भागातील असाल, नातेवाईक लातूरकडे असतील, दमा किंवा दुबळ्या हृदयामुळे उन्हाचा त्रास होत असेल आणि गर्दी सोसवत नसेल, तर लातूर पाहावे. मात्र पाण्याची साठवण आधी तपासावी.

आणि आजार आटोक्यात असतील, पायांत बळ असेल, तर तिसरी वाटही आहे : धाराशिव शहरातच राहणे. येथे २०२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. सोलापूर सत्तर किलोमीटरच्या आसपास, लातूर त्याहून थोडे लांब. वायरचे इंटरनेट चांगले मिळत असेल तर लेकराची आणि आपली, दोन्ही यादी येथे जुळू शकते. ज्याची मोठ्या शहरात जाण्याची निकड नाही, त्याने केवळ उत्साहाच्या भरात हलू नये.

हलण्यापूर्वी

निवड झाली तरी एकदम सामान भरू नका. आधी एक महिना राहून पाहा, आणि तोही वैशाखात. उन्हाळ्यात जे शहर सोसवले ते वर्षभर सोसवते. गावचे घर निदान एक वर्ष विकू नका, भाड्यानेही देऊ नका. परतीची वाट मोकळी असली की नव्या जागी मन लवकर रमते. शहरात फ्लॅट घेण्यासाठी शेत किंवा घर मुलाच्या नावावर करून देण्याचा विचार असेल तर वकिलाचा सल्ला घ्या आणि सांभाळाची अट दस्तऐवजात लेखी नमूद करा. अशी अट मोडली तर दान रद्द करून मागण्याचा मार्ग २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात आहे. लेकरावर अविश्वास आहे म्हणून हे करावयाचे नसते. उद्या परिस्थिती बदलली तरी घरात कटुता येऊ नये, यासाठी ते असते.

सर्व आजारांची, औषधांची आणि ॲलर्जीची एक पानी नोंद करून ती घराच्या दाराजवळ अडकवा. जुन्या डॉक्टरांकडून नव्या डॉक्टरांसाठी पत्र घ्या आणि हलण्यापूर्वी दोन महिन्यांची औषधे सोबत असू द्या. सत्तरी ओलांडलेल्यांनी आयुष्मान वय वंदना कार्ड काढावे. ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण त्यावर मिळते. नव्या शहरातील कोणती रुग्णालये त्या योजनेत आहेत, हे आधीच विचारून ठेवा. पंच्याहत्तरी झालेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे आणि पासष्टीपुढे अर्धे तिकीट आहे, तेव्हा गावाकडची फेरी खर्चामुळे टाळू नका. रुग्णवाहिकेचा १०८ आणि ज्येष्ठांच्या मदतवाहिनीचा १४५६७ हे दोन क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा.

शेवटी, वाचकहो, एवढे करा. येत्या रविवारी लेकराचा फोन आला की त्याच्या यादीबरोबर आपलीही यादी वाचून दाखवा. रात्रीचे रुग्णालय, उन्हाळ्यातील खोली, पाण्याची टाकी, ओळखीची चार माणसे आणि परतीची वाट, ही पाच कलमे त्यात असू द्या. ‘तुम्ही न्याल तिकडे येऊ’ असे म्हणण्यात माया आहे. पण आपल्याला काय झेपते हे स्पष्ट सांगण्यात त्याहून अधिक माया आहे. त्यामुळे लेकराची निवडही सोपी होते.